दोन इमारती, एक नेटवर्क: मधली जोडणी कशी करावी

दोन इमारती आहेत आणि मध्ये ६० मीटर मोकळी जागा. एका इमारतीत इंटरनेट, राउटर आणि मुख्य स्विच. दुसरीत आठ-दहा संगणक, एक प्रिंटर, चार-पाच कॅमेरे. हे सगळे एकाच नेटवर्कवर आणायचे म्हटले की बहुतेकांच्या डोक्यात आधी येते ती कॅट-सिक्स केबलची गुंडाळी. एक टोक इकडच्या स्विचला, दुसरे तिकडच्या, की झाले काम. अशी जोडणी लगेच सुरू होते, वेगही पूर्ण मिळतो, आणि म्हणूनच तिच्यातला धोका कुणाच्या लक्षात येत नाही. इमारतीच्या आत अगदी योग्य असलेली तांब्याची केबल दोन इमारतींच्या मध्ये टाकू नये. का, ते आधी नीट पाहू, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

तांबे का नको

अंतराची मर्यादा सगळ्यांना माहीत असते: तांब्यावरच्या इथरनेटसाठी १०० मीटर. त्यातले ९० मीटर भिंतीतली किंवा पाइपातली पक्की केबल आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (जोडणीच्या आखूड केबल). हे अंतर केबलच्या वाटेने मोजायचे असते. रॅकपासून छतापर्यंत वर, मार्गिकेतून आडवे, भिंतीबाहेर, जमिनीखालून, पुन्हा वर आणि आत, असे सगळे धरले की नकाशावरचे ६० मीटर सहज १०० च्या पलीकडे जातात. तरीही अंतर हा मुख्य प्रश्न नव्हे. इमारती २० मीटरवर असल्या तरी आक्षेप कायम राहतो.

प्रत्येक इमारतीचे अर्थिंग स्वतंत्र असते. दोन ठिकाणच्या जमिनीचा विद्युत दाब अगदी सारखा कधीच नसतो. एरवी हा फरक थोडका असतो आणि त्याने काही बिघडत नाही. पण जवळपास वीज कोसळली किंवा वीजपुरवठ्यात मोठा दोष झाला, की तेवढ्या क्षणापुरता एका इमारतीच्या अर्थिंगचा दाब दुसरीच्या तुलनेत हजारो व्होल्टने वर जाऊ शकतो. दोन्ही इमारतींना जोडणारी तांब्याची तार असेल तर हा फरक तिच्यातून वाट काढतो. वीज थेट केबलवर पडायची गरज नसते. जवळच्या झाडावर पडली तरी लांब तारेत दाब निर्माण होतो.

इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो तारेला उपकरणापासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवतो. प्रमाणकानुसार या अलगीकरणाची चाचणी १५०० व्होल्ट एसी दाबावर एक मिनिट घेतली जाते. घरातल्या किंवा कार्यालयातल्या किरकोळ फरकांना हे भरपूर पुरते, आकाशातल्या विजेला पुरत नाही. मग पोर्ट जळतो, कधी अख्खा स्विच जातो, कधी त्या स्विचला जोडलेले संगणकही. अशा दणक्याने अर्धवट दुखावलेला पोर्ट तर आणखी त्रासदायक: तो चालू दिसतो, पण मधूनच पॅकेट (माहितीचे तुकडे) गाळतो, आणि दोष शोधण्यात दिवस जातात.

शिल्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) असलेली केबल वापरली तर प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. इथे उलटे घडते. शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ केली की दोन इमारतींची अर्थिंग त्या पातळ पत्र्यातून जोडली जातात आणि दाबातल्या फरकामुळे तिच्यातून सतत प्रवाह वाहत राहतो. सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेला दाब अर्थिंगकडे वळवणारी उपकरणे) धोका कमी करतात, पण दोन्ही टोकांना, केबल इमारतीत शिरते तिथेच, आखूड आणि जाड तारेने अर्थ केलेले असतील तरच. शिवाय प्रत्येक दणक्याने ते थोडे झिजतात आणि बाहेरून काही दिसत नाही. दोन्ही इमारतींचा वीजपुरवठा एकाच मुख्य पॅनलवरून असेल, अर्थिंग एकमेकांना पक्के जोडलेले असेल, अंतर थोडे असेल आणि दुसरा काही उपायच नसेल, तर प्रोटेक्टर लावून तांबे चालवता येते. इतर सर्व ठिकाणी फायबर.

फायबर म्हणजे काच. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन इमारतींमधला विद्युत संबंधच तुटतो आणि वरची सगळी अडचण मुळापासून नाहीशी होते. वेग आणि अंतर हे फायबरचे फायदे खरे आहेत, पण दोन शेजारच्या इमारतींसाठी ते वापरायचे खरे कारण हे आहे.

कोणते फायबर घ्यावे

फायबरचे दोन मुख्य प्रकार. मल्टी-मोडमध्ये प्रकाश वाहणारा गाभा साधारण ५० मायक्रॉनचा, सिंगल-मोडमध्ये सुमारे ९ मायक्रॉनचा. बाहेरचा काचेचा व्यास दोन्हींत १२५ मायक्रॉन. रुंद गाभ्यात प्रकाश अनेक वाटांनी जातो, त्या वाटांची लांबी वेगवेगळी, त्यामुळे संदेश पुढे जाता जाता पसरतो आणि वेग वाढवला की अंतर घटते. एक गिगाबिटची एसएक्स (मल्टी-मोडसाठीच्या प्रकारची) जोडणी चांगल्या ५० मायक्रॉन मल्टी-मोडवर ५५० मीटर जाते. दहा गिगाबिटला ओएम३ (मल्टी-मोडचा एक दर्जा) वर हीच मर्यादा ३०० मीटर होते. सिंगल-मोडवर मात्र बाजारातले साधे एलएक्स आणि एलआर मॉड्यूल (स्विचमध्ये खोचायचे, प्रकाश पाठवणारे आणि घेणारे भाग) अनुक्रमे एक आणि दहा गिगाबिट १० किलोमीटरपर्यंत नेतात.

पूर्वी सिंगल-मोडचे मॉड्यूल फार महाग असत म्हणून इमारतींमध्ये मल्टी-मोड टाकण्याचा रिवाज पडला. तो फरक आता बराच घटला आहे. नवी केबल टाकायची असेल तर ओएस२ दर्जाचे सिंगल-मोडच टाका. उद्या वेग वाढवायचा झाला तर फक्त टोकांची मॉड्यूल बदलावी लागतील, जमिनीला हात लावावा लागणार नाही. जुने मल्टी-मोड आधीच पुरलेले असेल आणि एक गिगाबिट पुरत असेल, तर ते उखडायचेही कारण नाही. फक्त दोन्ही प्रकार एका जोडणीत मिसळू नका. ५० मायक्रॉनच्या गाभ्यातला प्रकाश ९ मायक्रॉनच्या गाभ्यात शिरताना बहुतेक वाया जातो. पॅच कॉर्डच्या रंगावरून प्रकार ओळखता येतो: सिंगल-मोड पिवळी, ओएम३ फिकट निळसर-हिरवी, जुनी मल्टी-मोड नारिंगी.

किती धागे? एका जोडणीला दोन लागतात, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. पण केबल किमान ६ धाग्यांची आणि जमल्यास १२ धाग्यांची घ्या. केबलच्या किमतीत धाग्यांचा वाटा लहान असतो आणि कामाच्या खर्चात केबलचाच वाटा लहान असतो. मोठा खर्च खोदाईचा. एखादा धागा जोडताना बिघडला, पुढे दुसरी जोडणी लागली, अलार्मसाठी वेगळी वाट हवी झाली, तर जादा धागे उपयोगी पडतात.

केबल बाहेर टाकण्यासाठी बनवलेलीच हवी. तिचे काळे पॉलिएथिलीनचे कवच उन्हाला टिकते आणि आत पाणी पसरू नये म्हणून जेल किंवा फुगणारी पट्टी असते. आतल्या वापराची पिवळी केबल पाइपात सरकवून दिली तर ती काही काळ चालते, पण पाइपात पाणी साचणारच आणि ते तिच्यात शिरणारच. उलट बाहेरच्या काळ्या केबलचे कवच सहज पेट घेते, म्हणून ती इमारतीत लांबवर फिरवू नये. बऱ्याच नियमावल्यांत यावर मर्यादा असते. भिंतीतून आत आल्यावर जवळच टर्मिनेशन बॉक्स (धागे जोडण्याची पेटी) बसवून पुढे आतल्या वापराची केबल न्यावी.

आर्मर्ड केबलबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. उंदीर-घुशी केबल कुरतडतात म्हणून पोलादी पट्टीचे कवच असलेली केबल सुचवली जाते, आणि थेट मातीत पुरायची असेल तर ते बरोबरही आहे. पण ती पोलादी पट्टी वीज वाहते. म्हणजे ज्या धोक्यापासून सुटायला काच घेतली, तोच धोका तिच्या कवचातून परत येतो. आर्मर्ड केबल वापरलीच तर धातूचे कवच इमारतीत शिरण्याच्या ठिकाणीच अर्थिंगला जोडा आणि ते रॅकपर्यंत येऊ देऊ नका. शक्य असेल तिथे जाड पाइप घालून त्यातून पूर्णपणे अधातू केबल ओढणे हा अधिक चांगला मार्ग. पाइप कुरतडण्यापासून बऱ्यापैकी वाचवतो आणि पुढे केबल बदलायची झाली तर पुन्हा खणावे लागत नाही.

चर, पाइप आणि ओढणे

१२ धाग्यांची केबल बोटापेक्षा जाड नसते, तरी पाइप ४० किंवा ५० मिलीमीटरचा टाका. जागा उरली पाहिजे. जमत असेल तर त्याच चरात दुसरा रिकामा पाइपही टाकून ठेवा. चर उघडा असेपर्यंत या दुसऱ्या पाइपाला फारसे काही लागत नाही. चर बुजल्यावर मात्र त्यासाठी सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

खोली साधारण ६० सेंटिमीटर, वाहने जातात तिथे अधिक. पाइपाच्या वर सुमारे ३० सेंटिमीटरवर इशारा देणारी रंगीत पट्टी अंथरा. पुढे कुणी खणायला लागले तर कुदळीला आधी ती लागेल. अधातू केबल जमिनीवरून शोधयंत्राने सापडत नाही. त्यासाठी काही जण चरात एक साधी तारही पुरतात. ही तार कोणत्याही उपकरणाला जोडायची नाही.

वळणे हा सर्वांत दुर्लक्षित भाग. ओढण्याच्या दोन ठिकाणांमध्ये काटकोनाची दोनपेक्षा जास्त वळणे नकोत. तिसरे लागत असेल तर तिथे चेंबर बांधा. पाणीपुरवठ्याचे आखूड एल्बो वापरू नका, लांब वळणाचे बेंड वापरा. प्रत्येक वळणावर घर्षण वाढते आणि ते नुसते एकात एक मिळत नाही, आधीच्या ताणाच्या पटीत वाढते. पाइप टाकतानाच आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, आणि केबल ओढताना तिच्यासोबत नवी दोरीही ओढा म्हणजे पुढच्या वेळची सोय होते.

केबल ओढताना दोरी कवचाला बांधायची नाही. कवच ताणले जाते आणि आतले धागे त्याच्यासोबत जात नाहीत. आतल्या पिवळ्या अॅरामिड धाग्यांना किंवा मधल्या ताण घेणाऱ्या काडीला बांधा, मध्ये फिरणारी कडी लावा म्हणजे पीळ पडणार नाही, आणि केबल ओढण्यासाठीचे वंगण वापरा. तेल किंवा ग्रीस कवचाला खाते. ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान २० पट, बसवल्यावर किमान १० पट. १० मिलीमीटर केबलसाठी अनुक्रमे २० आणि १० सेंटिमीटर. काच तुटण्याआधीच तीव्र वळणातून प्रकाश बाहेर गळतो, त्यामुळे केबल धडधाकट दिसत असूनही जोडणी अशक्त राहते.

दोन्ही टोकांना काही मीटर केबल जादा सोडून गुंडाळून ठेवा. पाइपाचा उतार इमारतीपासून दूर जाणारा ठेवा आणि केबल टाकल्यावर दोन्ही तोंडे सीलबंद करा. उघड्या तोंडातून पाणी, उंदीर आणि जमिनीखालून येणारा वायू, तिन्ही इमारतीत येतात. मधली जमीन दुसऱ्याच्या मालकीची असेल किंवा मध्ये सार्वजनिक रस्ता असेल, तर कुदळ उचलण्याआधी लेखी परवानगी घ्या, आणि आधीपासून पुरलेल्या वीज, पाणी, गॅसच्या वाहिन्यांची माहितीही.

खणणे शक्य नसेल आणि हवेतून केबल न्यायची असेल तर त्यासाठी बनवलेली, स्वतःचे वजन पेलणारी पूर्ण अधातू केबल मिळते. पोलादी तारेच्या आधाराने टांगलेली केबल घेतली तर ती तार पुन्हा दोन्ही इमारतींना जोडणारा धातू ठरते, आणि तिच्या अर्थिंगचा विचार करावा लागतो.

टोके, मॉड्यूल आणि स्वच्छता

पाइपातून आलेली केबल टर्मिनेशन बॉक्समध्ये उघडून प्रत्येक धाग्याला कनेक्टर असलेली पिगटेल (फायबरचा आखूड तुकडा) जोडतात. वितळवून जोडलेल्या सांध्यात साधारण ०.१ डेसिबेल (सिग्नल किती घटला ते मोजण्याचे एकक) किंवा त्याहून कमी प्रकाश वाया जातो. हे काम यंत्र असलेल्या कारागिराकडून करून घ्यावे. दुसरा मार्ग म्हणजे कारखान्यातच दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली केबल. ती मोजून, थोडी जास्त लांबीची मागवावी लागते आणि ओढताना कनेक्टरसाठी पाइप रुंद हवा, पण जोडकाम काहीच उरत नाही.

आता थोडा हिशेब. २०० मीटर सिंगल-मोड केबलमध्ये किलोमीटरला ०.४ डेसिबेलच्या दराने ०.०८ डेसिबेल जातात. दोन सांधे मिळून ०.२, दोन कनेक्टर प्रत्येकी ०.५ धरले तर १. एकूण १.३ च्या आसपास. एक गिगाबिटच्या एलएक्स जोडणीला प्रमाणकानुसार सिंगल-मोडवर ८ डेसिबेलपर्यंत तोटा चालतो. म्हणजे भरपूर शिल्लक आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की एवढ्या आखूड केबलवर ५-६ डेसिबेल जात असतील तर जोडणी सुरू होईल, हिरवा दिवा लागेल, आणि तरीही आत काहीतरी नक्की चुकलेले असेल. नुसत्या दिव्यावर विश्वास न ठेवता प्रकाशाची पातळी मोजा.

चुकलेले असते ते बहुधा धूळ. ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर बसलेला डोळ्याला न दिसणारा कणही पुरे. नव्या, पिशवीतून काढलेल्या पॅच कॉर्डवरही तो असतो. प्रत्येक वेळी खोचण्याआधी कनेक्टर त्यासाठीच्या क्लिनरने पुसा. बोटाने, शर्टाने किंवा फुंकून नव्हे. वापरात नसलेल्या तोंडांना टोपी लावून ठेवा. आणि चालू फायबरच्या तोंडात कधीही डोकावू नका. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही.

कनेक्टरच्या रंगाकडे लक्ष द्या. सिंगल-मोडचे निळे म्हणजे यूपीसी, हिरवे म्हणजे एपीसी. हिरव्याचे टोक ८ अंश तिरके घासलेले असते. निळा आणि हिरवा एकमेकांत बसतात, पण काच काचेला नीट टेकत नाही, प्रकाश वाया जातो आणि टोके खराबही होतात. साध्या इथरनेट जोडणीसाठी सगळीकडे निळे एलसी कनेक्टर ठेवा.

स्विचमधल्या एसएफपी खाचेत बसवायची मॉड्यूल दोन्ही टोकांना एकाच वेगाची आणि एकाच प्रकारची हवीत. एका बाजूला एक गिगाबिटचे आणि दुसरीकडे दहा गिगाबिटचे बसवले तर दोघे मिळून एक गिगाबिटवर येतील अशी आशा करू नका, ती जोडणी लागतच नाही. दहा गिगाबिटच्या खाचेत एक गिगाबिटचे मॉड्यूल घातल्यावर काही स्विचांवर वेग हाताने नेमावा लागतो. काही स्विच दुसऱ्या कंपनीचे मॉड्यूल नाकारतात, म्हणून खरेदीआधी सुसंगततेची यादी पाहा. एकाच धाग्यावर दोन्ही दिशा चालवणारी बायडाय मॉड्यूल घेतली तर ती जोडीनेच घ्यावी लागतात: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवणारे आणि १४९० किंवा १५५० वर ऐकणारे, दुसरे बरोबर उलटे. दोन्ही एकसारखी मागवणे ही नेहमीची चूक. आणि ८० किलोमीटरचे मॉड्यूल २०० मीटरवर वापरू नका. त्याच्या तीव्र प्रकाशाने समोरच्या मॉड्यूलमधला प्रकाश घेणारा भाग भांबावतो, प्रसंगी कायमचा बिघडतो.

सगळे बसवून दिवा लागत नसेल तर आधी एकाच टोकाचे दोन कनेक्टर आपसात बदला. पाठवणारा धागा समोरच्या ऐकणाऱ्या तोंडात गेला पाहिजे. दोन्ही टोकांना बदल केलात तर परत मूळ जागी याल.

स्विचला एसएफपी खाच नसेल तर मीडिया कन्व्हर्टर चालतो. त्यात दोन गैरसोयी: आणखी एक अॅडॉप्टर सांभाळावा लागतो, आणि फायबर तुटले तरी तांब्याच्या बाजूचा दिवा हिरवाच राहतो. दुसरी टाळायची तर एका बाजूचा खंड दुसऱ्या बाजूला कळवणारी सोय असलेला कन्व्हर्टर घ्या आणि ती सुरू करा.

खणता येत नसेल तर रेडिओ

समोरासमोर दिसणाऱ्या दोन छपरांवर दिशात्मक रेडिओ बसवून चांगली जोडणी होते. ५ गिगाहर्ट्झ आणि ६० गिगाहर्ट्झ हे दोन पट्टे यासाठी सर्रास वापरतात. दिसणे एवढेच पुरत नाही, सरळ रेषेभोवतीची लांबट फुगीर जागाही मोकळी हवी. २०० मीटरवर ५.५ गिगाहर्ट्झसाठी या जागेची मधोमध त्रिज्या १.६ मीटरच्या आसपास येते आणि तिचा किमान ६० टक्के भाग, म्हणजे सुमारे १ मीटर, मोकळा असावा. ६० गिगाहर्ट्झला ही मोकळी जागा ३० सेंटिमीटर. झाडाची फांदी आज बाजूला असली तरी पालवी फुटल्यावर कुठे येईल ते पाहा. ओल्या पानांतून हे पट्टे जात नाहीत असेच धरून चाला. खिडकीच्या आतून रेडिओ लावण्याचा मोहही टाळा, उष्णता रोखणाऱ्या काचेवर धातूचा पातळ थर असतो आणि तो सिग्नल अडवतो.

सिग्नल किती मिळायला हवा ते आधीच काढता येते. ५.५ गिगाहर्ट्झवर २०० मीटर मोकळ्या हवेत सुमारे ९३ डेसिबेल वाया जातात. पाठवण्याची शक्ती २० डीबीएम (रेडिओच्या शक्तीचे एकक) आणि दोन्ही अँटेना १६ डेसिबेलच्या असतील तर समोर उणे ४१ डीबीएम पोहोचले पाहिजे. प्रत्यक्षात उणे ६२ दिसत असेल तर मध्ये अडथळा आहे, किंवा अँटेना मुख्य झोताऐवजी बाजूच्या कमकुवत झोतावर जुळली आहे. दुसरे फार वेळा घडते. अँटेना एका दिशेला पूर्ण फिरवत नेऊन सर्वांत मोठे शिखर शोधा, मग वरखाली. पाठवण्याच्या शक्तीला आणि वाहिन्यांना देशोदेशी वेगळे नियम आहेत, रेडिओत आपला देश बरोबर निवडा.

५ गिगाहर्ट्झच्या काही वाहिन्या रडारसोबत वाटून घ्याव्या लागतात. तिथे रेडिओ आधी किमान एक मिनिट नुसता ऐकतो, आणि पुढे रडारची चाहूल लागली की वाहिनी सोडतो. नेटवर्क अधूनमधून मिनिटभर गायब होण्यामागे हे कारण निघते. ६० गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग गिगाबिटपर्यंत, पण हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरला १५ डेसिबेलच्या आसपास शोषतो आणि जोरदार पाऊस आणखी खातो. शंभर-दोनशे मीटरवर हे निभते. झोत मात्र इतका अरुंद असतो की हलणारा खांब चालत नाही.

खोक्यावर लिहिलेला वेग अर्धाच धरा. ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात. शिवाय रेडिओने दोन इमारतींमधली तार टळली तरी छपरावर जाणारी तांब्याची केबल आहेच, तीही उघड्यावर. बाहेर वापरायची शिल्ड असलेली केबल, खांबाचे अर्थिंग आणि केबल आत शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर, हे तिन्ही लागतात.

वीजवाहिन्यांतून नेटवर्क पाठवणारे अॅडॉप्टर दोन इमारतींसाठी भरवशाचे नाहीत. मीटर, वेगळे पॅनल आणि लांब तार यांतून फारसे काही पार होत नाही.

एक नेटवर्क म्हणजे एक राउटर

तार जोडली म्हणजे नेटवर्क एक झाले असे नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो आणि त्याचे कारण दुसऱ्या इमारतीत वाय-फायसाठी म्हणून बसवलेला दुसरा राउटर. पहिल्या इमारतीतून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टमध्ये घातली की तो पलीकडे स्वतःचे वेगळे नेटवर्क उभे करतो. इंटरनेट चालते, पण पहिल्या इमारतीतल्या संगणकांना दुसरीतला प्रिंटर दिसत नाही, कॅमेरे रेकॉर्डरला सापडत नाहीत. केबल लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये घातली आणि त्याची डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी) सेवा चालूच राहिली तर आणखी वाईट: पत्ते वाटणारे दोघे होतात, कुणाला कुणाकडून पत्ता मिळेल याचा नेम नसतो, आणि काही उपकरणांचे इंटरनेट सकाळी चालते, दुपारी बंद पडते.

दुसऱ्या इमारतीत हवा साधा स्विच आणि त्याला जोडलेले अॅक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय देणारी उपकरणे). राउटरच वापरायचा असेल तर त्याला अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. तशी सोय नसेल तर डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला आणि केबल लॅन पोर्टमध्ये घाला. पत्ता बदलणे विसरू नका, कारण दोन्ही राउटरांचा कारखान्यातला पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच एकसारखा असतो. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्ही इमारतींत सारखा ठेवा, वाहिन्या मात्र वेगळ्या. २.४ गिगाहर्ट्झला १, ६ आणि ११ यांतूनच निवडा.

शंभरेक उपकरणांपर्यंत दोन्ही इमारती एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात) ठेवायला हरकत नाही. १९२.१६८.१० ने सुरू होणाऱ्या नेहमीच्या आकाराच्या सबनेटमध्ये २५४ पत्ते मिळतात. त्यातले पहिले काही स्विच, प्रिंटर, कॅमेऱ्यांसाठी राखून १०० ते २५० डीएचसीपीला द्या. कॅमेरे किंवा पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे ठेवायचे असेल तर व्हीलॅन (त्याच तारांवरचे वेगळे आभासी नेटवर्क) करा. तेव्हा दोन इमारतींमधल्या पोर्टवर दोन्ही बाजूंना तेच व्हीलॅन, त्याच क्रमांकांनी टॅग केलेले आणि विनाटॅगचा व्हीलॅनही तोच असावा. यात फरक पडला तर जोडणी चालू असून एखादाच विभाग बंद असतो. हेही लक्षात ठेवा की आपोआप सापडणारे प्रिंटर व्हीलॅनच्या पलीकडे आपोआप सापडत नाहीत.

फायबर आणि रेडिओ दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवले, एक मुख्य आणि एक राखीव, तर नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होते आणि सर्वांना पाठवलेला एकच संदेश त्यात फिरत राहून काही सेकंदांत दोन्ही इमारती ठप्प करतो. दोन्ही स्विचांवर आरएसटीपी (वर्तुळ ओळखून एक वाट राखीव ठेवणारी सोय) सुरू करा, मगच दुसरी केबल खोचा. आणखी एक बारकावा: आरएसटीपी वाटेची किंमत पोर्टच्या वेगावरून ठरवतो. रेडिओचा पोर्टही गिगाबिटचाच असेल तर दोन्ही वाटा त्याला सारख्याच वाटतात आणि तो रेडिओची निवडू शकतो. रेडिओच्या पोर्टची किंमत हाताने वाढवून ठेवा. रेडिओ आरएसटीपीचे संदेश पुढे सोडतो का, तेही तपासा.

दुसऱ्या इमारतीतल्या स्विचला छोटा यूपीएस द्या, नाहीतर तिकडची वीज गेली की मधली जोडणी तुटली असा समज होऊन लोक केबल तपासत बसतात.

चाचणी आणि पुढची देखभाल

पूर्ण झालेले काम ताब्यात घेताना दोन्ही टोकांना संगणक लावून आयपर्फ३ (वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवा. गिगाबिट जोडणीवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा दोन्ही दिशांनी यायला हवा. एका दिशेला पूर्ण आणि दुसऱ्या दिशेला खूप कमी येत असेल तर त्या दिशेचा धागा किंवा कनेक्टर खराब आहे. मग तासभर सतत पिंग सोडा. फायबरवर एकही पॅकेट गळता कामा नये आणि वेळ एक मिलिसेकंदाच्या आत राहावा.

बऱ्याच मॉड्यूलमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी स्विचच्या पडद्यावर वाचता येते. पहिल्या दिवशीचे दोन्ही टोकांचे आकडे बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढे कधी तो आकडा ३ डेसिबेलने घसरलेला दिसला तर पोहोचणारा प्रकाश निम्म्यावर आला आहे. आधी कनेक्टर पुसा, मग पॅच कॉर्ड बदलून पाहा, मग बॉक्समधल्या गुंडाळीत कुठे मुरड पडली आहे का ते बघा. लाल प्रकाशाचे पेन लावले तर तुटलेल्या किंवा मुरडलेल्या जागी धागा लाल चमकतो, पण हे फक्त बॉक्समध्ये आणि पॅच कॉर्डमध्ये उपयोगी. काळ्या कवचातून काही दिसत नाही.

जमिनीखाली तुटले असेल तर ओटीडीआर यंत्र दोष किती मीटरवर आहे ते सांगते. ते मीटर धाग्याचे असतात आणि केबलमधला धागा कवचापेक्षा किंचित लांब असतो, शिवाय टोकाला सोडलेली गुंडाळीही त्यात मोजली जाते. म्हणून केबल टाकतानाच तिच्या कवचावर छापलेले मीटरचे आकडे टिपून ठेवा: दोन्ही बॉक्सजवळचे, प्रत्येक चेंबरमधले आणि पाइप इमारतीबाहेर पडतो तिथले. ओटीडीआरने १४३ मीटर सांगितले आणि दुसरा चेंबर १३८ वर आहे हे माहीत असेल, तर खड्डा त्या चेंबरच्या पलीकडे पाचेक मीटरवर घ्यायचा.